कुणांपैकी?

ईसाफ्योर्दुरला नोव्हेंबर सरताना सूर्य डोंगराआड जातो
तो जानेवारीच्या पंचवीसला उगवतो, तेही जेमतेम.
आज चौदा.
मासळीच्या कारखान्यावरची खोली, कॉफीचा तिसरा मग,
आणि पडद्यावर लाल अक्षरं:
अपेक्षित होतं वजन.
मिळाली पट्ट्याची वस्तू.

पट्ट्याची वस्तू!
एकोणीस वर्षं त्याच पट्ट्याशी उभी होते मी,
रबरी बूट, हातात सुरी, थंडीनं बधिर बोटं.
त्यावरून काय येतं हे मला विचारतोस?

केटिल, वय सव्वीस, खुर्ची न वळवता म्हणतो,
"तो मठ्ठ नाहीये, स्टेनव्हर.
तो गृहीत धरत नाही, इतकंच."

ट्रेट मीच लिहिला होता. नाव: पट्टा.
वचन एकच: मागितलं की पुढचं द्यायचं.
आणि खाली एक मोकळी जागा, वस्तू या नावाची.
वचन देणाऱ्यानं ती आपली आपण भरायची.
कारखान्यातल्या पट्ट्यानं भरली: वजन.
धक्क्यावरच्या पट्ट्यानं: पेटी.
मग मी फंक्शन लिहिलं, कुठल्याही पट्ट्यासाठी,
आणि आत खुशाल किलोंची बेरीज मांडली.

कुठल्याही म्हटलं की कुठल्याही.
तिथं तो अडून बसला.

मी जन्मले तेव्हा चार महिने मला नाव नव्हतं.
दवाखान्याच्या कागदावर नुसतं: मुलगी, ग्रोआची.
बाप एका उन्हाळ्यापुरता आलेला, फेरो बेटांवरचा.
शाळेत बाईंनी विचारलं, तू कुणांपैकी गं?
आईनं पेन टेबलावर ठेवलं.
"ग्रोआची. लिहा."

कुणाची ते पक्कं, कोण ते अजून ठरायचंय.
कंपायलरच्या हातातही तेवढंच होतं,
आणि तेवढ्याला तो पूर्ण नाव समजत होता.
मीच त्याला अज्ञान समजत होते.

एक ओळ वाढवली:
असा पट्टा, ज्याची वस्तू म्हणजे वजन.
लाल गेलं.
मी मगाकडे हात नेला, तेवढ्यात
खाली, ओळ दोनशे बाराला, नवं लाल:
धक्क्याचा पट्टा इथं चालणार नाही.
तो पेटी देतो. तू वजन मागितलंस.

मी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.
कॉफीवर साय धरली.

जुना प्रोग्रॅम असं काही विचारायचा नाही.
आकडा दिसला की मिळवायचा.
मागच्या शरदात सहाशे अकराची तफावत आली,
सहाशे अकरा कशाचे, हे कुणी म्हटलं नाही,
आणि वजनकाट्यावर बोगुमिवा होती.

चोर असं कुणीच म्हणालं नाही तिला.
जेवणाच्या टेबलावर तिच्याशेजारची खुर्ची
तेवढी रिकामी राहू लागली.
डिसेंबरात ती दक्षिणेला गेली, हाफनारफ्योर्दुरला,
भावाकडे, म्हणे.
मी तेव्हा वरच्या खोलीत कोर्सचा चौथा धडा करत होते.
मीही विचारलं नाही.

"केटिल, जुन्या नोंदी कुठे आहेत?"
"कुठल्या?"
"धक्क्याच्या. ऑक्टोबरच्या."
आता त्यानं खुर्ची वळवली.

सहाशे अकरा ओळी निघाल्या.
प्रत्येकीत एक पेटी.
प्रत्येक पेटी एक किलो म्हणून मिळवलेली.

खिडकीत अजून काळोखच, अकरा वाजून गेलेत.
फोनमध्ये तिचा नंबर आहे, आडनावाशिवाय:
बोगुमिवा, काटा.
अशीच साठवली होती मी तिला.

दोनशे बारा तसंच लाल आहे.
असू दे थोडा वेळ.
रिंग जातेय.